अक्काचा आवाज मागे पडतो

बुधवार, १२ ऑगस्ट १९९८. चामराजपेट.

आज पुन्हा तेच! आधी तबला रेकॉर्ड केला, मग तो हेडफोनवर ऐकत माझी बहीण, अक्का, दुसऱ्या ट्रॅकवर गायली. दोन्ही एकत्र लावले की तिचा आवाज तबल्याच्या किंचित मागे पडतो. दोष या नव्या कॉम्प्युटरचाच. पण कुठलं सेटिंग? जुना टेपरेकॉर्डर विकून बसलोय, आता माघार तरी कुठे घेणार?

शेवटी अक्काच म्हणाली, "सरी, ठीक आहे, मीच स्वल्प आधी येते समेवर." आली. मशीनवर चोख जुळलं! आवाज मागे पडेना. मी खूश.

आत्ता ती स्वयंपाकघरात हाताने ताल धरून एकटीच गातेय. कॉम्प्युटर बंद आहे. तरी टाळी पडायच्या आधीच ती सम गाठतेय. आणि तिला ते कळत नाहीये.