संजनाची फिट

सोमवार, १६ जून
खोटं बोलले. नव्या शाळेत, तिच्या वर्गाच्या अंजली मॅडमनी विचारलं, "संजनाला काही त्रास? आधी कळलं तर बरं." मी म्हणाले, "काही नाही." तिचा बाबा हर्षल शेजारीच, पंख्याकडे बघत. नांदगावच्या शाळेत खरं सांगितलं होतं – वर्गात फिट आली आणि आठवड्यात दाखला हातात! "बाकीची मुलं घाबरतात," म्हणे. नाशकात तरी शिकू दे माझ्या पोरीला. तिलाही बजावलंय, कुणाजवळ बोलायचं नाही.

गुरुवार, १९ जून
शाळेतून बोलावणं येईल म्हणून फोन शेजारी ठेवून पोळ्या लाटल्या. वाजला नाही.

बुधवार, २ जुलै
ही शाळा वेगळीच आहे. मुलं रोज सकाळी गोल करून बसतात, ज्याला जे सांगायचं ते सांगतात. कुणाचं घरी भांडण, कुणाला अंधाराची भीती. पालकांनीही पाळीपाळीने येऊन बसायचं. बाकीच्या आया खूश, मी नाही. संजनाला विचारलं, तू काय बोललीस? "मांजरीबद्दल," म्हणाली. जीव भांड्यात पडला.

शुक्रवार, ११ जुलै
आज पकडलेच गेले असते. सासूबाईंचं ऐकून दप्तरात कांदा ठेवते – फिट आली तर कुणीतरी फोडून नाकाशी धरेल. पण कुणाला सांगितलंच नाही तर धरणार कोण? हे शहाणपण आज सुचतंय! मॅडमनी गेटवर विचारलं, "दप्तरात रोज कांदा कशाला हो?" म्हटलं, डब्याबरोबर लागतो तिला. "बरं," म्हणाल्या, पण माझ्याकडे बघतच राहिल्या. डॉक्टर म्हणतात, कांद्याने काही होत नाही. तरी काढून ठेवायचा धीर होत नाही.

सोमवार, २१ जुलै
गोळी वेळेवर दिली, तरी सकाळी तिचा हात थरथरला. चमचा पडला. हर्षल म्हणाला, "सांगून टाकू या गं." मी त्याच्यावरच ओरडले. उद्या वर्गात बसायची माझी पाळी. भीती वाटते. फार.

मंगळवार, २२ जुलै
आली. माझ्या डोळ्यांदेखत. गोलात बसल्या बसल्या संजना आडवी झाली. पण एकही मूल ओरडलं नाही, पळालं नाही. दोघांनी दप्तरं बाजूला ओढली. एकीने डोक्याखाली आपली ओढणी घातली. रवी नावाचा मुलगा घड्याळाकडे बघत मिनिटं मोजत उभा. मॅडमनी तिला कुशीवर वळवलं. सगळं ठरवून ठेवल्यासारखं. तिने डोळे उघडले तशी शेजारची म्हणाली, "झालं गं. पड तशीच."

"यांना कसं माहीत?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "तिनेच सांगितलं, पहिल्या आठवड्यात. मग सगळ्यांनी शिकून घेतलं. तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते. शेवटी तुमची पाळी लवकर लावली."

मी रडले, सगळ्या वर्गासमोर.

बुधवार, २३ जुलै
संजनाला म्हटलं, सगळ्या वर्गाला सांगितलंस, मग आईपासून का लपवलंस? म्हणाली, "तू घाबरतेस ना. म्हणून आम्ही गोलात ठरवलं – आईला पण सांभाळायचं."