काउंट काँक्रीटचा तिसरा सीझन

५ फेब्रुवारी १९९६, सोमवार. सकाळी ७:१०
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, माझ्या बायकोला, सिरार्पीलाही नाही. उद्या ‘ग्रे हेरन’ या कार्टून मालिकेच्या तिसऱ्या सीझनचं रेकॉर्डिंग सुरू होतंय आणि या सीझनचा मुख्य खलनायक, काउंट काँक्रीट, मी आहे. पहिल्या सीझनला मी ‘पळणारा माणूस’ होतो. दुसऱ्याला ‘बँकेतला दुसरा चोर’. कमान चढती आहे.

संकल्प: रोज सकाळी दोन तास मौन. कॉफी पूर्ण बंद, घशाला वाईट. रोज लिहायचं. आणि ह्रांतला आज सांगून टाकायचं.

संध्याकाळी ४
ह्रांतला सांगितलं. ह्रांत म्हणजे सिरार्पीचा थोरला भाऊ. ग्लेनडेलला त्याचं गालिच्यांचं दुकान आहे आणि मी तिथे गेली अकरा वर्षं तात्पुरता काम करतोय. म्हटलं, ह्रांत, माणसाच्या आयुष्यात एक वेळ येते. तो म्हणाला, ती वेळ गुरुवारनंतर आणता आली तर बघ, गुरुवारी माल यायचाय. गुरुवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. आपल्याला संबंध तोडायचे नाहीत.

६ फेब्रुवारी, मंगळवार
मौन पाळलं, चाळीस मिनिटं. सासूबाईंना वाटलं जावई रुसला. त्यांनी ह्रांतला फोन केला, ह्रांतने सिरार्पीला कामावर फोन केला, सिरार्पीने मला केला, आणि मला बोलावं लागलं. सासूबाईंचं मन राखायला त्यांनी केलेली कॉफीही घेतली. लहान कप. दोन.

रेकॉर्डिंग अप्रतिम. एकतीस वाक्यं. सगळं शहर सिमेंटखाली बुजवायचा काउंटचा बेत आहे, आणि खरं सांगायचं तर त्याची बाजू मला पटते. नोरीन आमची आवाजाची दिग्दर्शक. काचेपलीकडे बसते. तिने बटण दाबलं की तिचा आवाज ऐकू येतो, सोडलं की नुसते ओठ हलताना दिसतात. माझ्या वेळी ओठ बरेच हलले. इतरांना ती पहिल्याच खेपेला ‘छान’ म्हणते, मला सातव्या. इतरांकडून तिची फार अपेक्षाच नाही.

नायकाचा, म्हणजे हेरनचा, आवाज क्लिफर्ड देतो. वय सव्वीस. लाटांवर फळी घेऊन खेळतो आणि तसाच स्टुडिओत येतो, पायांना वाळू लागलेली. माइकसमोर उभा राहतो, वाचतो, घरी जातो. तयारी शून्य. वाईट वाटतं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
दुसरा एपिसोड. चौदा वाक्यं. लेखक माझी दहशत राखून ठेवताहेत. सगळी सुरुवातीलाच उधळली तर पुढे काय दाखवणार?

दुकानात जावं लागलं. गुरुवारचा माल सोमवारी आला होता. ह्रांतची पाठ धरली आहे.

२० फेब्रुवारी, मंगळवार
मोठी बातमी. काउंट काँक्रीट स्वतःच्याच सिमेंटच्या हौदात पडला आणि त्याचा पुतळा झाला. लोकांनी तो चौकात उभा केला. सगळं तिसऱ्याच एपिसोडात. माझी वाक्यं चार, त्यातलं एक ‘नाहीऽऽ’.

नोरीनने नंतर समजावून सांगितलं. चित्रं कोरियात काढतात, आणि पुतळ्याचं एक बरं असतं, तो हलत नाही. एकदा काढला की पुढचे सगळे एपिसोड तोच चालतो. मी विचारलं, म्हणजे मी शेवटपर्यंत दिसणार? म्हणाली, हो, मागे कुठेतरी.

घरी येऊन सिरार्पीला सांगितलं की मी प्रत्येक एपिसोडात आहे. ती म्हणाली, अरे वा. सासूबाईंनी विचारलं, काय करतोस? म्हटलं, उभा असतो. म्हणाल्या, दुकानातही तेच करतोस.

२७ फेब्रुवारी, मंगळवार
आज फक्त एक कण्हणं. पुतळ्यावर कबुतर बसतं तेव्हा तो आतून ‘उंऽ’ म्हणतो. वरवर किरकोळ. पण त्यात अपमान आहे, पश्चात्ताप आहे, कबुतराचं वजन आहे. मी नऊ वेगवेगळ्या तऱ्हांनी कण्हलो. दुसऱ्या खेपेलाच नोरीन म्हणाली की झालं, पण मी थांबलो नाही. थांबलो तर मग क्लिफर्डमध्ये आणि माझ्यात फरक काय? शेवटी तिने सगळी नऊ ठेवून घेतली आणि म्हणाली, तू आमचं फार मोठं काम केलंस.

१९ मार्च, मंगळवार
तीन आठवडे स्टुडिओतून फोन नाही. मीच केला. कळलं ते असं: पुतळ्याचे एपिसोड एकूण नऊ, कण्हणी आहेत नऊ, दर एपिसोडला एक पुरतं. मला यायची तसदी नको.

मग लक्षात आलं, एका दिवसात सबंध सीझनचं काम संपवणारा नट या धंद्यात दुसरा नसेल.

दुकानात गेलो. दोन माणसांचा गालिचा होता, ह्रांतने एक टोक उचललं आणि दुसऱ्या टोकाकडे बघितलं.

७ एप्रिल, रविवार. ईस्टर
चर्चनंतर सगळे ह्रांतकडे. लाल अंडी आपटायच्या खेळात माझं अंडं पहिल्याच टकरीत फुटलं, सासूबाईंनी फोडलं. ह्रांतने फादरना माझी ओळख करून दिली: हा आमचा सिमेंटचा माणूस. फादरना त्यांच्या अंगणातली फरशी बदलायची आहे. त्यांनी माझा नंबर घेतला.

१५ एप्रिल, सोमवार. दुपारी १
नोरीनचा फोन.

शेवटच्या एपिसोडात पुतळ्याला तडा जातो आणि काउंट बोलतो. सबंध दीड मिनिट, एकटा. नोरीनने फोनवरच वाचून दाखवलं. चौकात उभा असताना लोक रोज त्याच्याजवळ येऊन बसायचे, डबा खायचे, एकमेकांना मनातलं सांगायचे. त्याला सगळं ऐकू यायचं. शेवटी तो म्हणतो, ‘हे शहर मला बुजवायचं होतं. आता ते गप्प झालं तर मला झोप येणार नाही.’

वाचून झाल्यावर ती म्हणाली, “हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात तुझाच आवाज होता, बेद्रोस. पहिल्या एपिसोडातला. शुक्रवारी ये.”

सिरार्पी कामावर होती, म्हणून सासूबाईंनाच सांगितलं. त्या पालेभाजी निवडत होत्या. म्हणाल्या, ऐक तर. मी आठवेल तेवढं म्हणून दाखवलं. त्यांचे हात थांबले नाहीत, पण वेग कमी झाला.

१७ एप्रिल, बुधवार
तयारी. इतके महिने पुतळा होऊन उभं राहिलेल्या माणसाचा आवाज कसा असेल? उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. सकाळी सहाला ह्रांतच्या हिरवळीवर गेलो, कारण आमच्याकडे हिरवळ नाही. हात वर, नजर क्षितिजावर. एक तास हलायचं नाही असं ठरवलं.

सहा वाजून वीस मिनिटांनी हिरवळीचे फवारे सुरू झाले. आपोआप होतात ते. हलायचा मोह झाला. पण पुतळा हलेल का? पाऊस आला म्हणून काउंट काँक्रीट आडोशाला गेला असता का? नाही हललो. फवारे पंचवीस मिनिटं चालतात, हे आता मला माहीत आहे.

ह्रांत चहाचा पेला घेऊन बाहेर आला. बराच वेळ पाहिलं. आत जाऊन टॉवेल आणला, माझ्या वर केलेल्या हातावर टाकला आणि परत गेला.

अनुभव अमूल्य. थोडी शिंक येतेय.

१८ एप्रिल, गुरुवार
आवाज गेला. किंचित नाही, सगळाच. सकाळी सिरार्पीला हाक मारली ती मलाच ऐकू आली नाही.

सासूबाईंनी गळ्याला भाजलेला कांदा बांधला. तुतीची दारू पाजली, तीच छातीला चोळली. सिरार्पी म्हणाली, आजच नोरीनला कळव, त्यांना काहीतरी सोय करता येईल. मी पाटीवर लिहून दाखवलं: उद्या सकाळी येईल. ती म्हणाली, “आणि नाही आला तर?” या प्रश्नाला पाटीवर जागा नव्हती.

१९ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ५
नाही आला.

तरी गेलो. कांदा गाडीत काढून ठेवला. माइकसमोर उभा राहिलो, ओठ हलवले. आज काचेच्या दोन्ही बाजूंना तसंच चाललं होतं. नोरीन आत आली आणि दार लावलं. मी पाटीवर लिहिलं: सोमवार? ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली.

“सोमवारी फिती कोरियाला निघतात,” ती म्हणाली. “तू काल सांगितलं असतंस तर मी भांडले असते. आज माझ्या हातात काही नाही.”

रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही.

क्लिफर्डने केलं. माझ्या आवाजाची नक्कल करून. आधी माझ्यापाशी आला आणि म्हणाला, तुझी हरकत असेल तर मी उभा राहणार नाही. मी पाटीवर लिहिलं: जास्त सिमेंट. त्याने मान हलवली. मग वाचलं. एकदाच. शेवटच्या वाक्याला नोरीनने बटण दाबलं आणि नुसता तिचा श्वास ऐकू आला.

घरी येताना गाडीत विचार केला. मूळ आवाज माझा, त्याने केली ती त्याची नक्कल. म्हणजे बारकाईने पाहिलं तर काम माझंच झालं.

बारकाईने पाहायला आज डोळे थोडे चुरचुरताहेत. कांद्याचा परिणाम.

२० एप्रिल, शनिवार
सिरार्पीला सगळं सांगितलं, म्हणजे लिहून दिलं. चार पाट्या झाल्या. तिने प्रत्येक वाचली, पुसली आणि परत दिली. शेवटची पुसली नाही, नुसती उलटी करून ठेवली. बाकी कोणाला सांगायचं नाही असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

६ डिसेंबर, शुक्रवार
मध्ये लिहिणं जमलं नाही. कामाचा व्याप. (ह्रांतची पाठ बरी आहे, पण तिची काळजी घ्यावी लागते. फादरना फरशीवाला शोधून दिला.)

सीझन सप्टेंबरपासून दर शनिवारी लागतोय. कबुतराचा एपिसोड उत्तम. उद्या शेवटचा. ह्रांतने परस्पर सगळ्यांना आमच्याकडे बोलावलंय. तब्येतीचं कारण सांगून बघितलं. सासूबाईंनी कांदा भाजायला घेतला, तेव्हा बरा झालो.

७ डिसेंबर, शनिवार. सकाळी ११:४०
सगळे गेले. झालं ते झालं तसं लिहितो.

साडेआठला सुरू. सोफ्यावर सासूबाई, ह्रांत, ह्रांतची बायको, मधल्या टेबलावर चीज, लवाशच्या पातळ रोट्या आणि ऑलिव्ह. मी दाराजवळ उभा होतो. पुतळ्याला तडा गेला. काउंट बोलायला लागला. चौक, बाक, डबे, माणसं. दीड मिनिट कोणी लवाशला हात लावला नाही. शेवटचं वाक्य आलं आणि ह्रांत उठून टीव्हीजवळ जाऊन उभा राहिला. चाळीस वर्षं गालिचे विकणारा माणूस. नावं सरकायला लागली: काउंट काँक्रीट, बेद्रोस केक्लिक्यान. नावं आधीच तयार करून ठेवतात, ती बदलत नाहीत.

ह्रांतने मला मिठी मारली. म्हणाला, “अकरा वर्षं मला वाटत होतं तू दुकानात नुसता गुणगुणतोस. चुकलं माझं.”

आता सांगायला हवं होतं. सिरार्पी ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, ते शेवटचं पुन्हा म्हण, माझ्यासमोर. नीट ऐकू दे.

सगळे वळून बसले. मी खोलीच्या मध्ये आलो. घसा ठणठणीत होता, आज कुठलीच सबब नव्हती. खांदे सैल सोडले आणि म्हटलं. घाई न करता, मनापासून, एप्रिलपासून मनात शंभरदा म्हटलं होतं तसंच. हे शहर मला बुजवायचं होतं. आता ते गप्प झालं तर मला झोप येणार नाही.

सासूबाईंनी ऑलिव्हची बी बशीत ठेवली.

“टीव्हीत जास्त चांगलं वाटलं,” त्या म्हणाल्या.

ह्रांतची बायको म्हणाली की तिलाही तसंच वाटलं, पण घरात प्रतिध्वनी नसतो ना. ह्रांत म्हणाला, गालिचा आवाज खातो. मी म्हणालो, हो, शिवाय टीव्हीच्या स्पीकरला खर्ज जास्त असतो. मग सगळ्यांनी चीज खाल्लं.

भांडी मी घासली. सिरार्पी शेजारी उभी राहून पुसत होती. तीन बशा झाल्यावर म्हणाली, “मला घरातलं आवडलं.”

म्हटलं, टीव्हीतलं नीट ऐकलंस का तू? म्हणाली, ऐकलं. मग पुढची बशी घेतली.

आवाजातलं तिला काही कळत नाही. पण समजावत बसलो नाही.