नीळ जास्त झाली

५ जाने. १९९२, रवि.
आज खेळायला दहा जण आले. भीमनगरचे सहा, गावातले चार. एप्रिलात भीमनगरातली जयंतीची निळी कमान कुणीतरी पाडली, तेव्हापासून एवढे एकत्र पहिल्यांदाच. बास्केटबॉलचे सर बदलून गेले, बॉल माझ्याकडे राहिला. मी शाळेचा रिटायर शिपाई, चौथी पास. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, ते वाचता येत नाही. माझा नियम एकच : दोन्हीकडच्या हाताला लागल्याशिवाय बॉल रिंगेत टाकायचा नाही. पाटलांचा योगेश कुरकुरतो, "नाना, यानं उशीर व्हस." होऊ दे.

७ जाने.
हेडमास्तरांनी बोलावलं. रविवारी पारोळ्याला सामना. दोन्हीकडची पोरं एका संघात, एका गणवेशात गेली नाहीत तर रिंगा उतरवणार. "शाळेत भांडणाला कारण नको, नाना." तेव्हापासून डोकं दुखतंय. बी.पी. असेल.

९ जाने.
गणवेश म्हणजे शाळेचे जुने बनियन, मातीने पिवळे पडलेले. पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घमेल्यात नीळ टाकायला गेलो. पुडी हातातून सुटली, अख्खी पाण्यात. सगळेच्या सगळे निळे. सून म्हणाली, "नाना, आता बघा गंमत."

१० जाने.
गावातल्या चौघांनी हात लावला नाही. योगेश : "आम्हले हाई घालनं नही. बाप तंगडं तोडी. धुई टाका." मग शाळेच्या नळाखाली साबण घेऊन बसलो. दोन चोळले. भीमनगरचा मिलिंद येऊन उभा राहिला. संघात सगळ्यात उंच, बोलतो कमी.
"कसाले धोतस नाना? आमना रंग लागना म्हनीसन?"
म्हटलं, नीळ सांडली रे बाबा.
"सांडनी ते सांडनी. धोवानं कारण काय?"
तो वळून गेला. बाकीचे पाचही त्याच्यामागे.

११ जाने.
सकाळी साबण पुन्हा हातात घेतला, ठेवून दिला. धुतले तर मिलिंदची पोरं जातात, न धुतले तर योगेशची. पण काल चोळताना मलाही त्या रंगाची भीतीच वाटत होती. हे खरं आहे, लिहून ठेवतो.
धुणार नाही.
एक स्वतः घातला. पोटावर घट्ट, वर शर्ट नाही. मारुतीच्या पारावरून चालत निघालो. पारावर आमचा सुरेश बसलेला, पोटचा पोरगा, त्याने तोंड फिरवलं. कुणी म्हणालं, "नाना, इलेक्शनले उभा राहतस का?" सगळे हसले. थांबलो नाही. भीमनगरात मिलिंदला सहा बनियन दिले, सांगितलं, उद्या साडेसहा, फाट्यावर, बनियन निळेच. योगेशच्या दारातही तेच सांगितलं. त्याच्या बापाने दार लावून घेतलं. चार बनियन ओट्यावर ठेवून आलो.

१२ जाने.
एस.टी.त लिहितोय, अक्षर हलतंय. भीमनगरचे सहाही आले, निळे. गावातलं कुणी नाही. कंडक्टर : "आबा, चढा नाहीतर उतरा." एक पाय पायरीवर, एक खाली, तसाच उभा राहिलो. गाडीभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या.
मग योगेश पळत आला. एकटाच. बापाचा स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं. मिलिंदशेजारी जागा होती, तिथे बसला.
स्वेटरच्या आत काय घातलंय, मी विचारलं नाही. पारोळा अजून नऊ किलोमीटर.