एक दात सोडून एक

भिवंडी,
१४ जुलै १९९१

श्री. सावळाराम भावोजी यांस वहिनीचा सप्रेम जयभीम.

बारा वर्षांनी या घरातून पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं समजून ते घाबऱ्याघाबऱ्या फोडू नका. सगळे जिवंत आहेत. मी मार्चअखेर शाळेतून निवृत्त झाले. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. शेजारच्या लूम दोन्ही शिफ्टला खडखडतात. वीज गेली की ती खडखड थांबते आणि गल्लीतली माणसं दचकून बाहेर येतात. तुमच्या मुलाचं लग्न झाल्याचं तिऱ्हाइताकडून कळलं. बोलावलं नाहीत याची तक्रार नाही. बोलावलं असतंत तरी तुमचे दादा आले नसते आणि मला एकटीला नाशिकपर्यंत यावं लागलं असतं.

काम असं आहे. तुमच्या दादांना काचबिंदू झाला आहे. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात मी त्यांना भांडून नेलं. डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं की दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली आहे, समोरचं तेवढं नळीतून पाहावं तसं दिसतं. गेलेलं परत येणार नाही. ऑपरेशन केलं तर उरलेलं टिकण्याची आशा आहे, नाही केलं तर तेही जाईल. सप्टेंबरमधली तारीख मिळाली आहे. तुमचे दादा जायला तयार नाहीत. आपल्याला काही झालेलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. पेपरातला मथळा मला खणखणीत वाचून दाखवतात, उठतात, दाराच्या चौकटीवर आपटतात आणि चौकटीला शिव्या देतात.

आणि पुरावा म्हणून करवती पुढे करतात. "मास्तरीणबाई, डोळे गेलेल्या माणसाकडे दिघाशीपासून सुतार करवती घेऊन येतात होय?"

येतात, हे खरं आहे. गंजून लाल झालेलं पातं अजूनही ते घासलेट आणि विटेच्या भुकटीने घासून स्वच्छ करतात, वाकलेलं पातं हातोडीने सरळ करतात. तिथपर्यंत ठीक. अडतं ते दातांपाशी. तुम्हाला मी शिकवायला नको, पण मी काय पाहते ते लिहिते. करवत शिकंज्यात धरायची, एक दात सोडून एक असे कानशीने घासत जायचं, मग करवत फिरवून मधले राहिलेले घासायचे. नळीतून पाहणाऱ्याची जागा चुकते. नजर क्षणभर मुठीकडे गेली की परतताना ती भलत्याच दातावर येऊन बसते. मग एक दात दोनदा घासला जातो, शेजारचा तसाच राहतो. दात डावीकडे-उजवीकडे झुकवतानाही तेच. दोन शेजारी एकाच अंगाला पडतात. अशी करवत लाकडात उड्या मारते आणि रेघ सोडून एका बाजूला ओढते.

मला हे कसं कळलं तेही सांगते. राहनाळच्या गोडाऊनमध्ये लाकडी खोकी बनवणारा बाळाराम तुम्हाला आठवत असेल, माझा विद्यार्थी. एकदा तो आपल्या घरून दादांनी धार लावलेली करवत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मंडईजवळच्या धारवाल्याच्या टपरीवर पाहते तर तीच करवत शिकंज्यात आणि हा शेजारी बसलेला. मला बघून उभा राहिला आणि हात मागे बांधले.

"बाळाराम, काल नेलीस ना ही?"

"हो बाई. म्हणजे... जरा इकडून तिकडून..."

"धार नव्हती?"

"धार होती बाई. पण कुठे होती, कुठे न्हवती."

धारवाला मान खाली घालून हसत होता. "मॅडम, इनके दादा का काम हर हफ्ते इधर ही आता है," म्हणाला. मग कळलं की पंढरीनाथ, बाळाराम आणि पडघ्याचे दोघे सुतार, सगळे तेच करतात. आपल्या घरी करवत आणतात, वाहवा करतात, चहा पितात आणि टपरीवर जाऊन पुन्हा नव्याने दात पाडून, घासून घेतात. बाळाराम म्हणाला, "मला पायजे तर मारा बाई, पण दादांना सांगू नका."

मी त्याच दिवशी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "तू पोरांचे पेपर तपास." आणि पंढरीनाथला बोलावून माझ्यासमोर विचारलं. पंढरीनाथ माझ्याकडे न बघता म्हणाला, "झकास हाय दादा! सागात लोण्यावानी जाते." म्हणजे खोटी मी ठरले. नंतर त्याला मी दारात गाठलं तर म्हणतो, "वहिनी, त्यांच्याच हाताखाली मी करवत धरायला शिकलू. उस्तादाला धार न्हाय म्हनायची आमच्यात रीत न्हाय." यांच्या रीतीपायी एका माणसाचे डोळे जाणार.

तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही. हाताच्या करवती आता भिंतीला टांगायच्या, असं तुम्ही चार सुतारांसमोर म्हणालात आणि मशीनवर कामाला गेलात, ते त्यांना लागलं. पण अजूनही एखादी चांगली करवत हातात आली की ते म्हणतात, "असे दात सावळ्या पाडायचा." या कामात ते एकाच माणसाचा शब्द मानतील आणि तो माणूस तुम्ही आहात. तुमची भीडही तुटलेलीच आहे. तेव्हा या आणि त्यांच्या तोंडावर सांगा की तुम्ही धार लावलेली करवत कापत नाही. तारखेच्या आत या.

मी कुणाला सहसा बोलावत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आपली,
कौसल्या


भिवंडी,
२२ सप्टेंबर १९९१

श्री. सावळाराम भावोजी यांस,

तुम्हाला दोष देत नाही, असं लिहिणार होते. खोडलं. देते.

तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही. बाजूला उभे होतात, त्यांच्या नळीत आला नव्हतात. तुमचा आवाज ऐकला आणि कानस हातात तशीच घेऊन उठले. तुम्ही पाया पडलात. दोघे रडलात. इथवर माझं काही म्हणणं नाही. बारा वर्षांचं होतं, निघून जायला हवंच होतं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि मलाही बरं वाटलं, हे कबूल करते.

मग तुम्ही पिशवीतून स्वतःची करवत काढलीत. शहाणपण केलंत असं मला वाटलं. त्यांनी तुमच्यासमोर ती शिकंज्यात धरली आणि कामाला लागले. मी दारात उभी होते, तुम्ही त्यांच्या खांद्यामागे. ते जागा चुकले, पुन्हा चुकले. चुकले की तुम्ही नजर दुसरीकडे वळवायचात, ते मी पाहिलं. फळीवर तुम्ही करवत चालवलीत. तिने उड्या मारल्या. रेघ सोडून ती पार कडेला गेली. त्यांना कड दिसली नाही. त्यांनी विचारलं, "बोल सावळ्या, काय?"

वीज गेली होती. शेजारच्या लूमही बंद होत्या.

तुम्ही म्हणालात, "दादा, तुमचा हात अजून तसाच आहे."

"हिला सांग! ही बाई मला आंधळा ठरवायला निघाली आहे."

आणि तुम्ही हसलात. "वहिनी, तुम्ही पण ना," असं म्हणालात. भावोजी, पोरांच्या चुकीच्या उत्तराला मी कधी बरोबरची खूण केली नाही. त्यापायी मुलं मला घाबरायची, आईबाप भांडायला यायचे, तरी केली नाही. त्या दिवशी माझ्याच घरात तुम्ही सगळ्यांनी मिळून एका पूर्ण चुकीच्या पेपराला पैकीच्या पैकी दिलेत.

जाताना अंगणात तुम्ही मला म्हणालात, "आत्ता तर बोलायला लागले, वहिनी. कसं सांगू?" मला ते समजतं. माझी समजूत दवाखान्यात चालत नाही.

ऑपरेशनची तारीख काल होती. मी पिशवी भरून, कागद घेऊन बसले होते. दादांनी आंघोळ केली, चहा घेतला आणि शिकंज्यापाशी जाऊन बसले. म्हणाले, "सावळ्याने सांगितल्यावर आता कुठला डॉक्टर?" मी हाताला धरून ओढलं. म्हातारपणी नवरा-बायकोत झोंबाझोंबी झाली, गल्लीने पाहिली. ते हलले नाहीत.

डोळ्यांत टाकायचे थेंबही आता बंद केले आहेत.

पुन्हा येऊन खरं सांगाल, असं तुम्ही लिहाल. लिहू नका. तुम्ही एकदा तोंड उघडलंत, आता तुमचा दुसरा शब्द त्यांच्या लेखी माझा शब्द असेल.

कौसल्या


भिवंडी,
८ नोव्हेंबर १९९२

श्री. सावळाराम भावोजी यांस सप्रेम जयभीम.

तुमची तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. पेन्शन सुरू झाली. गल्लीत गटार बांधत आहेत, वर्षभर खणून ठेवलं आहे. पंढरीनाथची मुलगी कल्याणला दिली. बाळारामने खोक्यांसाठी विजेची करवत घेतली. अशोक विजयादशमीला आम्ही दोघं विहारात जाऊन आलो. गटाराच्या फळीवरून जाताना मी त्यांचा हात धरला. त्यांनी झटकला नाही.

त्यावरून तुम्ही समजा.

उन्हाळ्यात डावा गेला, पावसाळ्यात उजवा. एका सकाळी पेपर उघडला, बराच वेळ धरून बसले आणि म्हणाले, "आज छपाई फिकी आहे." मी तोच पेपर मागून पाहत होते. छपाई काळीकुट्ट होती. मी त्यांना पुन्हा दवाखान्यात नेलं, आता ते निमूट आले. डॉक्टरीणबाई दुसऱ्या होत्या. त्यांनी कागद मागेपुढे करून विचारलं, "त्या वेळी का नाही आलात?" दादा माझ्याकडे तोंड करून बसले होते, म्हणजे मी होते त्याच्या जरा बाजूला. मी म्हटलं, "जमलं नाही."

आता कुणी करवत आणत नाही. अर्धवट दिसणाऱ्याची वाहवा करणारी माणसं आंधळ्याच्या दारात यायला लाजतात. पंढरीनाथ एकदा आला, चहा न घेता गेला.

दोन महिन्यांपूर्वी दादांनी भिंतीवरची एक जुनी करवत मागितली. डोळे होते तोवर दातांवर त्यांनी कधी अंगठा फिरवला नव्हता, बघूनच सांगायचे. आता फिरवला. अर्ध्यावर थांबले. "कुठल्या गाढवाने घासलीय ही? दोन दात एका अंगाला, एक बुटका, एक उंच."

ते पुन्हा म्हणाले, "कुणी गं?"

"तुम्ही. गेल्या वर्षीच्या श्रावणात."

त्यांनी सगळी करवत टोकापर्यंत चाचपली. मग विचारलं, "पंढरीनाथला ठाऊक होतं?"

"होतं."

"बाळ्याला?"

"होतं."

तिसरं नाव त्यांनी घेतलं नाही. ते वाट पाहत होते आणि मीही. मग म्हणाले, "तू सांगितलं होतंस." त्यात राग नव्हता. असता तर मला सोसला असता. त्या दिवशी आणि पुढेही ते जेवायला बसले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून होते. भात कालवून मी त्यांच्या तोंडाशी नेला की तोंड मिटायचे. मी खूप बोलले, ओरडले, विनवण्याही केल्या. मला विनवता येत नाही, वाईट विनवलं असेल.

शेवटी मी तीच करवत शिकंज्यात अडकवली आणि त्यांना उठवून समोर बसवलं. कानस हातात दिली. मग घासायला लागले. कानस पुढे जायची, जागा चुकायची. पात्याचं लोखंड भुकटी होऊन त्यांच्या धोतरावर पडत होतं. घासून झाल्यावर अंगठा दातांवर ठेवूनच त्यांनी विचारलं, "लागली का गं धार?"

मी पाहिलं. दात गेल्याहून वाईट झाले होते. अंगठ्याखाली त्यांनाही कळलं असणार.

मी म्हटलं, "लागली."

"बघ," ते म्हणाले, "म्हटलं नव्हतं?" आणि भात मागितला.

तेव्हापासून रोज हेच चाललं आहे. ती करवत आता बोटभर रुंद उरली आहे. तुमच्या कारखान्यात मोडीत काढलेल्या करवती असतील तर एसटीच्या पार्सलने पाठवा. कशाही चालतील.

आणि पत्रही पाठवा. माफी मागू नका. इथली सगळी पत्रं आता मला मोठ्याने वाचावी लागतात. तुमच्या करवतीला दादांनी लावलेली धार अजून टिकून आहे, असं लिहा. तुम्हाला ते जमतं. आता मलाही जमतं.

तुमची वहिनी,
कौसल्या