यंदाचा मुराळी

मेहरूण, जळगाव
पाडव्यानंतरचा रविवार

प्रिय नीलेश,

कुरिअरचं पाकीट बघून दचकू नकोस. आई बरी आहे, आम्ही सगळे बरे आहोत. फोन, व्हॉट्सॲप सगळं असताना अक्का पत्र का लिहिते, हा प्रश्न तुला पडणार हे मला ठाऊक आहे. एक तर व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू नेहमीसारखा अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. पत्राला अंगठा दाखवता येत नाही, ते शेवटपर्यंत वाचावंच लागतं. दुसरं कारणही आहे, पण ते मागाहून सांगते.

तू पाठवलेला प्रवासाचा आराखडा पाहिला. "अक्का, एआयकडून करून घेतलाय. तू सहलींच्या धंद्यातली, एकदा नजर टाक. जळगावचं हॉटेल बरं आहे ना, एवढंच सांग." हॉटेल बरं आहे. तुझ्या बहिणीचं घर स्टेशनवरून रिक्षाने पोचण्याइतकं जवळ आहे, हे मात्र त्यात कुठे नाही. असू दे, त्यावरून आत्ता भांडत नाही. बाकी आराखड्यात मला एकही चूक सापडली नाही, आणि मी चूक काढायलाच बसले होते. मुंबईत दोन दिवस, मग सुरतला तुझ्या बायकोच्या, पुनमच्या मामांकडे, तिथून दिवसाच्या गाडीने जळगाव, ऊन चढायच्या आत अजिंठा आणि पुढे दिल्ली. पोराला, तेजसला दूध पचत नाही म्हणून प्रत्येक ठिकाणी जेवणाची वेगळी सोय. अक्षय्य तृतीयेमुळे, म्हणजे आपल्या आखाजीमुळे, जळगावच्या सराफ बाजारात गर्दी असेल, तिकडे फिरकू नका, अशी सूचनासुद्धा! आमच्या ऑफिसातल्या माणसाला हे जमवायला दोन दिवस लागले असते आणि तरी दुधाचं तो विसरलाच असता.

तुला वाटत असेल, अक्काचा या यंत्रांवर राग असणार. तसं काही नाही रे. मागच्या वर्षापासून आमच्याकडेही असा एक मदतनीस आहे. फोनवर मराठीत बोलतो, तिकिटं काढतो, गाडीतल्या जागा लावतो. डिसेंबरात उत्तरेत धुकं पडलं, गाड्या रद्द झाल्या आणि काशीला निघालेली आमची अख्खी मंडळी वाटेत अडकली. मी चहा टाकून फोनाफोनी करायला बसले, तोवर तो सगळ्यांची दुसऱ्या गाडीत सोय लावून मोकळाही झाला होता. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी कॉम्प्युटरला हात जोडले. तुझे भावजी दीपकराव अजून त्यावरून चिडवतात, म्हणतात, देव्हाऱ्यात बसव आता त्याला.

पण एक गंमत सांगते. रावेरकडच्या केळीवाल्या इंदिराबाई दक्षिणेच्या सहलीला निघाल्या होत्या. त्या रोज फोन करून एकच विचारायच्या, मला खिडकी मिळेल ना? मदतनीस रोज तितक्याच गोड आवाजात सांगायचा, हो, तुमची खिडकीची जागा पक्की आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. शेवटी मी फोन घेतला आणि विचारलं, मावशी, खिडकीतून काय बघायचंय तुम्हाला? मग म्हणाल्या, खिडकीत आमचे हे बसायचे, मी नेहमी शेजारी. आता मी खिडकीत बसेन, पण शेजारी कोण? मग मी त्यांच्या शेजारी बेबाबाईंना बसवलं. बेबाबाई म्हणजे आमच्या प्रत्येक सहलीतल्या बोलक्या बाई, झोपेतसुद्धा बडबडतात. त्यानंतर इंदिराबाईंचा फोन आला नाही. मदतनिसाचं काही चुकलं होतं असं नाही. त्याला खिडकीचं विचारलं, त्याने खिडकीचं सांगितलं. माणूस एक विचारतो आणि त्याला हवं असतं दुसरंच, एवढं ओळखायला म्हणून मालकांनी मला ठेवलंय असं मी समजते.

म्हणून तुझा मेसेज मी पुन्हा पुन्हा वाचला. ज्याच्याकडे दुधापासून उन्हापर्यंत सगळ्याची काळजी घेणारं यंत्र आहे, तो बहिणीला हॉटेल बरं आहे का म्हणून कशाला विचारेल?

तुझी सुरत-जळगाव गाडी कुठून जाते, ते मी तुला सांगायला नको. तुझ्या आराखड्यात लिहिलंय, "नंदुरबार ते जळगाव: वाटेत बघण्यासारखं विशेष नाही, मुलाला झोपू द्यावं." मी ते वाचलं आणि मला हसूही आलं आणि रडूही. त्या "विशेष नाही"त दोंडाईचा येतं, आपल्या गावाचं स्टेशन, नीलेश. माझं नवं लग्न झालं होतं तेव्हा दर आखाजीला तू मला न्यायला यायचास. मिसरूडही धड फुटलं नव्हतं तुला, पण मुराळी म्हणून आलास की सासूबाई तुला पाटावर बसवून वाढायच्या, आणि तू इतका लाजायचास की दुसरी पोळी मागायचा नाहीस. मग गाडीत बसलो की माझ्या पिशवीतले सगळे लाडू तुझेच. मला खिडकी, तुला दार. दार सोड म्हणून मी ओरडायची, तू ऐकायचा नाहीस. आणि दोंडाईचा यायच्या आधी वाऱ्यावर वाळत्या मिरच्यांचा ठसका यायचा. डब्यातले सगळे खोकायला लागायचे आणि आपण दोघं मात्र हसत पिशव्या उचलायचो. तेजसला तू हे कधी सांगितलंस का? मुराळी म्हणजे काय, हे तरी त्याला ठाऊक आहे का? सासरी गेलेल्या पोरीला सणाला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. तो आल्याशिवाय पोरीने आपलं आपण निघायचं नसतं, अन् तो आल्यावर सासरच्यांनी तिला अडवायचं नसतं.

आता जे बोलायला इतका वेळ लावला ते बोलते. कोरोनात तात्या गेले तेव्हा तुमच्या त्या देशातून कुणालाच बाहेर सोडत नव्हते, हे मला ठाऊक आहे. माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? लोकांची जगभराची तिकिटं काढणारी मी, सख्ख्या भावासाठी एक जागा मिळवू शकले नाही. तू बापाची चिता मोबाईलवर पाहिलीस. वाट मोकळी झाल्यावर पहिल्या विमानाने आलास, पिशवी खांद्यावर घेऊन दारात उभा राहिलास आणि आई चुलीजवळून उठलीसुद्धा नाही. "आते कसाले उना रे तू?" आता कशाला आलास, एवढंच म्हणाली. सगळे भाऊबंद बसले होते. दोन दिवस राहिलास, तिच्या पाया पडलास आणि गेलास. त्याला चार वर्षं झाली. दर रविवारी फोन करतोस, औषधं पाठवतोस, तिच्या गुडघ्याचे एक्सरे तिथल्या डॉक्टरांना दाखवतोस. फक्त येत नाहीस. आणि ती तुला ये म्हणत नाही. दोघं एकमेकांना हवापाणी विचारता. मी मधे बसून दोघांचं ऐकते आणि माझा जीव तुटतो.

मला तुझी फार आठवण येते रे. तलावाकाठी सकाळी फिरायला जाते तेव्हा एखादं पोरगं सायकलचे हात सोडून जाताना दिसलं तरी मी नीलेश म्हणून हाक मारायच्या बेतात असते. तुझा आवाज दर आठवड्याला ऐकते, पण आवाजाला पाटावर बसवून वाढता येत नाही.

परवा ऑफिसात कुणी नव्हतं. तुझाच आराखडा मी आमच्या मदतनिसाकडे दिला. त्यानेही तसाच करून दिला, तीच गाडी, तेच "विशेष नाही". मग मी खाली एक ओळ टाकली. प्रवाशाची आई दोंडाईच्याजवळच्या गावात राहते. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच त्याने सगळं बदललं. दिल्ली पुढे ढकलली, दोंडाईच्याला तीन दिवस ठेवले, आणि वर मलाच विचारलं, आईंचं वय काय, त्यांना गाडीत चढायला त्रास होतो का, की उंची कमी असलेली गाडी बघू? मी तिथेच बसून रडले, नीलेश. कारण त्या यंत्राला नावं ठेवायची सोयच राहिली नाही. त्याला एकदा आई आहे म्हटल्यावर त्याने लगेच तिचे गुडघे विचारले. तुझ्या यंत्रानेही विचारले असते. तू त्याला दूध सांगितलंस, ऊन सांगितलंस, एवढंच सांगितलं नाहीस. तू विसरलास असं मला वाटत नाही. सांगितलं असतं तर त्याने तुला घरी आणून सोडलं असतं आणि दारात पुन्हा कुणी "कसाले उना" म्हटलं तर काय करायचं, हे त्याला सांगता आलं नसतं. म्हणून तू ते माझ्याकडे पाठवलंस. हॉटेलचं विचारलंस. बरोबर ना?

तर मी गावी गेले. तुला न विचारता गेले, आईला सगळं सांगितलं, त्याबद्दल रागवायचं असेल तर भेटल्यावर रागव. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तू येतोयस, गाडी दोंडाईच्यावरून जाणार, आखाजीच्या आदल्या दिवशी, आणि तू उतरणार नाहीस, हे सगळं तिने ऐकून घेतलं. बराच वेळ शेंगाच फोडत राहिली. मला वाटलं, आता चिडेल. तर म्हणाली, "पोर मुराळीबिगर माहेरले येस नही. मंग त्याले लेवाले आपन कोनले धाडं?" तुला न्यायला आपण कुणाला धाडलं, हे माझ्याही कधी मनात आलं नव्हतं. मग तीच म्हणाली, "ती येळले मी जे बोलनू ते मन्हा तोंडनं नव्हतं, दुखनं तोंड व्हतं. त्याले सांगजो." आणि उठून आत गेली. आखाजीला तात्यांच्या नावाने भरायची नवी मातीची घागर काढून पुसत बसली. तात्या गेल्यापासून आखाजीला घागरीजवळ विस्तवावर पितरांचा घास टाकतो तो आपला चुलतभाऊ योगराज. दर वर्षी टाकताना म्हणतो, काकू, हा मान नीलेशचा आहे, मी राखण करतोय.

आणि आता पत्राचं दुसरं कारण. आठवतं ना, तू मला न्यायला निघायच्या आधी तात्या माझ्या सासरी पोस्टकार्ड टाकायचे? "पोराला धाडतो आहे, पोरीला तयार ठेवावे." ते कार्ड आलं की मी पिशवी भरायला घ्यायची. हे ते कार्ड आहे, बाबा. आईने धाडलंय आणि मी लिहिलंय. यंदाचा मुराळी मी आहे. तुझ्या आराखड्यातलं काहीही बदललेलं नाही, तुमची तिकिटं जशीच्या तशी आहेत. फक्त गाडीच्या आदल्या दिवशी मी सुरतला पुनमच्या मामांकडे येते, मला पाटावर बसवून वाढायला सांग, मी दुसरी पोळी मागून घेईन. तुमच्याच डब्यात माझी जागा आहे. तेजसला खिडकी, मला शेजारची, आणि तू आता म्हातारा होत चाललास, तरी दारात उभा राहा हवा तर, मी ओरडणार नाही. लाडू माझ्याकडे आहेत. माझं तिकीट दोंडाईच्यापर्यंतचंच आहे. उतर म्हणून मी तुला एका शब्दाने म्हणणार नाही. नंदुरबार गेलं की पोराला तेवढं झोपू देऊ नकोस. आणि मिरचीचा ठसका लागला, की पिशवी उचल.

वाट बघणाऱ्या दोघींपैकी एक,
तुझीच
अक्का