मुक्कामाला एक ठिपका

क्वीन्सटाऊन, न्यूझीलंड

तीर्थरूप अप्पांना शिवलीलाचा शरणू.

ढोकीच्या कारखान्याला ऊस गेला का? अव्वाचे गुडघे कसे आहेत?

परवापासून सहा दिवस डोंगरात चालायला जातेय, म्हणून हे पत्र मोबाइलवरच धाडतेय. तिथं फोन लागत न्हाई, म्हणून सॅटेलाइटचं यंत्र सोबत आहे. मागल्या वेळी दर दहा मिनिटांनी माझा ठिपका तुमच्या मोबाइलवरच्या नकाशात हलत होता. नदीपाशी यंत्राची बॅटरी संपली, ठिपका थांबला, आणि तुम्ही दिवसभर जेवला न्हाईत.

यंदा साधा प्लॅन घेतलाय. संध्याकाळी तंबू ठोकला की एकच ठिपका येईल. रागावू नका. तुम्ही रानातून निघताना बांधावरून एकच हाळी द्यायचा आणि अव्वा तवा ठेवायची. दिवसभर कुठल्या सरीत होता, हे तिनं कधी विचारलं का? माझी संध्याकाळ म्हणजे तुमचे सकाळचे अकरा. ठिपका दिसला की तवा ठेवायला सांगा.

यंत्राला संकटाचं बटण आहे. ते दाबलं की मदत येते आणि घरी फोन जातो. दाबायची वेळ येणार न्हाई. घरचा नंबर म्हणून तुमचाच दिलाय.

तुम्ही अनोळखी नंबर उचलत न्हाई, ठाऊक आहे मला. तेवढे सहा दिवस उचला.

तुमचीच,
शिवलीला