भोंग्यानंतरचा चहा

प्रिय चिमणे,

आमच्या इमारतीतलं मॉक ड्रिल खरं कितीला पडलं, सांगू? चार किटल्या चहा, दोन डबे बिस्किटं आणि लोकांची सगळी भीती. चहा-बिस्किटं मी पुन्हा भरली. भीती कुठून भरायची?

दर महिन्याला भोंगा वाजायचा आणि सगळ्या मजल्यांवरची माणसं जिन्याने उतरून माझ्या कँटीनमध्ये जमायची. लोक यावेत म्हणून चहा फुकट. मग सुरक्षा अधिकारी, म्हणजे आपले शिट्टीसाहेब, भाषण द्यायचे: अतिरेकी आता एकदोघेच येतात, पण पाळत ठेवून येतात. लोक बिस्किटं बुडवत ऐकायचे. मीही मिशीत हसायचो; माझ्या कानांना चुकवून कोण पाळत ठेवणार? हातगाडीवरून इथवर आलो ते कानांच्या जोरावर. माझ्या कँटीनमध्ये चमचा पडला तरी कुठल्या टेबलावरचा ते मी पाठमोरा सांगतो, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस.

परवा गेटवर एकाने गोळ्या झाडल्या. एक रखवालदाराच्या खांद्याला लागली. भोंगा वाजला आणि अख्खी इमारत गप्पा मारत माझ्याकडे आली. हिशेबनीस बाई म्हणाल्या, काका, यंदा फटाकेपण आणलेत वाटतं, मग क्रीमची बिस्किटं काढा की. मी घसा फोडून सांगतोय, अहो, हे खरं आहे, निघा इथून. तर कोपऱ्यातून कोणी म्हणालं, काकांना नाटकात घ्या. चक्क टाळ्या पडल्या.

गेटवरच्याला पोलिसांनी धरलं. मग त्यांचं कुत्रं सरळ कँटीनमध्ये शिरलं आणि पोलिसांनी सगळ्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं. बाँब तिथे होता. एक वायर निसटलेली, म्हणून तर हे पत्र लिहायला उरलोय. तपास करणारा अधिकारी अगदी शांतपणे म्हणाला, गोळ्या माणसं मारायला नव्हत्या, गोळा करायला होत्या. आमची सवय त्यांना पाठ होती.

तुझ्या हॉस्पिटलचं ड्रिल यंदा तुझ्याकडे आलंय. कोणी फिरकत नाही, म्हणून तुम्ही चहाचं कसं जमवता ते कळवा, असं तू लिहिलंस. ते सोडून सगळं कळवतो. चहा ठेवू नकोस. जमायची जागा दर वेळी बदल, आधी कोणाला सांगू नकोस. लोक कुरकुरतील, कुरकुरू देत. माणसं जमायच्या आधी ती जागा तपासून घे, आणि माझ्यासारख्या कोणाच्या कानांवर विसंबू नकोस. बाँबची ती पिशवी सकाळपासून माझ्याच गल्ल्याखाली होती. भाजीची समजून मीच ती पायाने आत सरकवली होती.

तुझाच,
अजून न सावरलेला बाबा